कडू ताऱ्याखालची रिकामी जागा

एका मंगळवारी सकाळी तपासणीला आलेल्या त्या मुलीने आमच्या चित्राच्या भिंतीच्या पायथ्याशी पाझरणारं पाणी काचेच्या नळीत घेतलं, नळी उन्हाकडे धरली आणि म्हणाली, "प्यायचं राहू दे, यात ब्रशसुद्धा बुडवू नका." माझं जे काही व्हायचं होतं ते त्या क्षणी झालं. त्याआधी मी कॉलेज अर्ध्यावर सोडलेला, वाटेवरचं भांडण अंगावर घेणारा माणूस होतो. त्यानंतरही तसाच राहिलो, फक्त प्रेमात पडलेला.

तर मी, खाली सही करणारा, वय तेवीस, धंदा जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, न पिता, कुणी भरीस न घालता, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे का, याबद्दल थोरल्या भावाचं मत वेगळं आहे, पण त्याला विचारलेलं नाही. पुराच्या छावणीत पाणी शुद्ध करणाऱ्या पथकात मी नाव दिलं आहे. तिथे तापाची साथ आहे आणि पथकातली दोन माणसं गेली आहेत. येणाऱ्याने मागची व्यवस्था लावून यावं, अशी पथकाची अट आहे. तेविसाव्या वर्षी मागे काय असणार, असं वाटलं होतं. लिहायला बसलो तर बरंच निघालं.

कलम एक. टपालातली माझी बचत आईला. तिने ती माझ्या लग्नासाठी जपून ठेवू नये, दात बसवून घ्यावेत. सायकल थोरल्या भावाला. ब्रेक नाहीत, हे त्याला आधी सांगावं. लहानपणी त्याने मला उतारावर सोडून दिलं होतं, तरीही सांगावं.

कलम दोन. कॉलेजच्या ग्रंथालयाचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलं आहे, ते इतिहासाच्या प्राध्यापकांना द्यावं. ते वर्गात म्हणाले होते, "जगाच्या अंताच्या जुन्या कथेतले चार घोडेस्वार, सात डोक्यांचा पशू, नदीत पडणारा तारा, ही सगळी घाबरट लोकांची स्वप्नं. आजच्या जगाशी त्यांचा काडीचा संबंध नाही." मी उभा राहिलो. "सर, सकाळचा पेपर उघडता का हो?" वर्ग हसला. ते म्हणाले, "बाहेर व्हा." मी झालो, तो आजतागायत बाहेरच आहे. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने माझी उत्तरं लिहिली आहेत. सरांनी वाचावीत. आता मला बाहेर काढायची सोय उरलेली नाही.

कलम तीन. माझे सर्व ब्रश, कोरण्या, भिंग आणि रंगाच्या बाटल्या उस्तादांना. या कलमाला थोडं विस्ताराने लिहावं लागेल.

कॉलेजातून निघालो तो थेट त्यांच्या शिडीखाली जाऊन उभा राहिलो. ते जुन्या सभागृहाच्या भिंतीवर जगाच्या अंताचं चित्र दुरुस्त करत होते. दोन माणसं उंच, बारा पावलं लांब. वरून न बघता म्हणाले, "रागावून आलायस की काम शिकायला?" म्हटलं, "दोन्ही." "मग आधी कापूस पिंज." दुसऱ्या दिवसापासून माझं नाव भडक्या पडलं.

ती तीन वर्षं मला अजून हाताला लागतात. सकाळी चुन्याचा गार वास, शिडीच्या पायरीवर ठेवलेले आमचे दोन चहाचे पेले, आणि उस्ताद एकेका घोड्याची ओळख करून देतायत. "हा पुढचं सांगत नाही रे. ज्याने काढलं त्याने पाहिलेलं काढलंय. लाल घोडा म्हणजे लढाई, त्याच्या दारावरून गेलेली. काळ्या घोड्यावरच्याच्या हातात तराजू का? धान्य चिमटीने मिळतं तेव्हा माणसाला तराजूच दिसतो. हा फिकट घोडा म्हणजे साथ. शेजारचं घर बंद झालं असेल."

"आणि पाणी कडू करणारा तारा?"

"कुणीतरी विहीर नासवली असेल. त्याचं नाव घ्यायची सोय नसेल. मग काय करतोय बिचारा? आभाळावर ढकललं."

नेमकी ती जागा गेली होती. ताऱ्याखालची नदी आणि पाणी पिणारी माणसं पापुद्र्यांनी गळून पडलेली. ओल कुठून येते ते कळेना, म्हणून पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतून ती आली. दर मंगळवारी यायची. एकदा म्हणाली, "रंगाच्या कारखान्याचं पाणी जमिनीतून भिंतीत चढतंय. त्यातल्या क्षारांनी तुमची नदी खाल्ली. चित्र काढणाऱ्याला उगाच नावं ठेवू नका, त्याचा अंदाज बरोबर होता." आणि हसली. मी ते हसणं घेऊन शिडीवर चढलो आणि रंगाऐवजी चहात ब्रश बुडवला.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. गेलेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून चित्र पुरं दिसावं, जवळ आल्यावर मात्र भर कुठे घातली ते कळावं. जे नव्हतं ते रंगवायचं नाही. तिचा अहवाल वरच्यांनी दाबला त्या दिवशी मी हा नियम मोडला. नदीच्या जागी कारखान्याचं धुराडं काढलं, रेघा न घालता, तडे आणि डागांसकट, अगदी जुन्या चित्रकाराच्या हाताने. आयुष्यात तेवढं सुंदर काम माझ्याकडून दुसरं झालं नाही. दुरुस्तीचा खर्च देणारे गृहस्थ बघायला आले. धुराडं त्यांचंच होतं. संध्याकाळच्या आत उस्तादांच्या हातून भिंतीचं काम गेलं, अकरा वर्षांचं.

"पण उस्ताद, आता नाव घ्यायची सोय आहे ना!" मी ओरडलो होतो.

"आहे. मग रस्त्यावर उभा राहून घे. मेलेल्या माणसाच्या हाताने कशाला सही करतोस?"

कापसाने धुराडं त्यांनीच पुसलं. त्यानंतर चार महिने एकाच कार्यशाळेत बसतो, पण ते माझ्याशी बोललेले नाहीत. खालच्या शिंपीणमावशींना वर बोलावून म्हणतात, "त्याला सांगा, सरस संपलाय." मावशी मला सांगतात. मी तीन हातांवर बसलेला असतो. त्यांच्याशी न बोलता निघावं लागलं, तर छावणीतून परत आलो काय आणि न आलो काय.

कलम चार. चित्राचे पातळ कागदावर उतरवलेले सगळे नमुने तिला. तिने राजीनामा दिला आणि ती छावणीत गेली. तिथून एकच पत्र आलं: "धुराडं छान होतं म्हणे. नळीतलं पाणी मात्र तसंच राहिलं." तीन आठवडे मी त्या ओळीवर चिडलो होतो, मग पथकात नाव दिलं. माझ्या मनातलं तिला कुणी कळवू नये. पोहोचलो तर मीच सांगेन. नाही म्हणाली, तरी पाणी उकळायला माणूस लागतोच.

कलम पाच. कारखान्याच्या मालकांना काही नाही. माफीसुद्धा नाही.

पुरवणी, आज सकाळची. सह्यांसाठी शिंपीणमावशींना बोलावलं, तर त्यांच्यामागून उस्ताद वर आले. कागद उचलला, भिंग लावून शेवटपर्यंत वाचला आणि मावशींना म्हणाले, "दुसरा साक्षीदार मी."

मावशी म्हणाल्या, "अहो, साक्षीदाराला वारशात काही घेता येत नाही. सासऱ्यांच्या वेळी वकिलांनी बजावलं होतं. सही केलीत तर कलम तीन गेलं."

"ठाऊक आहे." त्यांनी सही केली. मग चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मेल्यावर ब्रश देतोय मला! परत ये आणि स्वतः धुऊन ठेव, भडक्या. खारीच्या केसांचा तसाच वाळवलायस."

सबब कलम तीन रद्द. ब्रशांना तूर्त वारस नाही.

साक्षीदार: १. शिंपीणमावशी, तळमजला. २. उस्ताद.
लिहून देणार: भडक्या.
ठिकाण: कार्यशाळेवरची खोली. रविवार, चौदा तारीख, सकाळचे पावणेदहा.

मावशी, छावणीला निघालो, ही ओळ जिन्यात उभा राहून लिहितोय. खोलीचं दार ओढून घेतलं आहे. कागद तुमच्या दाराच्या फटीतून आत सरकवतो.