राणीसरकारांच्या तळव्यांवरचे डाग

४ मार्च
बायको मुलीकडे गेलीय. घरात मी आणि तिचं पिवळं मांजर, राणीसरकार. मला मांजराचा अजिबात लळा नाही. रात्री पोटावर येऊन झोपतं, मी हाकलत नाही, एवढंच. आज सहज पंजा उलटा करून पाहिला. गुलाबी तळव्यावर काळे डाग! चारही पायांना! बायको बजावून गेलीय, हिच्या केसालाही धक्का लागता कामा नये.

५ मार्च
ओल्या फडक्याने पुसले. निघत नाहीत. इन्शुरन्स कंपनीत खोटे क्लेम पकडण्यात माझं आयुष्य गेलं. गुन्हेगार मला वासावरून कळतो. खालचा गॅरेजवाला! जळकं ऑइल! मांजर दुपारी त्याच्याकडे जातं, हा त्याला मासे चारतो. आधी मासे, मग ऑइल. याला सोडणार नाही.

६ मार्च
भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. डाग तसेच. माझे दोन्ही हात ओरबाडले. मांजर कपाटावर जाऊन बसलंय, रात्री खालीही आलं नाही. याचाही हिशोब गॅरेजवाल्याकडून चुकता करून घेणार.

८ मार्च
एक डाग वाढलाय. नक्की वाढलाय. हिला काही झालं तर? आता दयामाया नाही. त्याच्या दारात एक निळी स्कूटर असते, आठवडाभर तिला गोंजारतोय. तो जेवायला गेला की तिची हवा काढायची. रडू दे.

९ मार्च, दुपार
फत्ते. दोन्ही चाकं. बुटाची लेस बांधतोय असं नाटक केलं. पायात चप्पल होती, पण कोणी पाहिलं नाही.

९ मार्च, संध्याकाळ
मांजराला टोपलीत कोंबून जनावरांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर खूप उशिरा आले. चालत, घामाघूम, हातात हेल्मेट. म्हणाले, गॅरेजमध्ये दुरुस्तीला टाकलेली निळी स्कूटर आज मिळायची होती, कोणा नालायकाने हवा काढली, त्यात गॅरेजमधला पंप बंद. मी तीव्र निषेध केला. लोकांना कामधंदा नाही, असंही म्हणालो.
मग म्हणाले, पिवळ्या मांजरांना वय वाढलं की असे डाग येतात. फुगलेले नाहीत, जखम नाही, काळजी करू नका. तुमच्या हातांवर आलेत ना, तसेच. फक्त ते घासणं बंद करा, तळवे सोलवटलेत.
डॉक्टर गॅरेजवाल्याचं गिऱ्हाईक! संगनमत उघड आहे. आणि माझ्या हातांवर कसले डाग?

१० मार्च
मांजर गेलं. खाली गॅरेजमध्ये टायरवर झोपलंय. हाक मारली. एक कान हलवला, बस. गॅरेजवाला म्हणाला, नेता का साहेब वर? म्हटलं, राहू दे, मला काय फरक पडतो. रात्री पोटावर उशी ठेवून पाहिली. उशीत दम नाही.

१२ मार्च, सकाळ
बायको आली. मी सगळे पुरावे मांडले. तिने मोबाइलवर दोन वर्षांपूर्वीचा फोटो काढून दाखवला. मांजर पाय वर करून माझ्या पेपरवर लोळतंय. तळव्यांवर तेच डाग. म्हणाली, अहो, शेजारी तुम्हीच बसलाय. कधी बघितलंत का तिच्याकडे? फोटोची तारीख मला तपासायला हवी.
ती मांजर आणायला खाली गेली, ती गेलीच. खिडकीतून पाहिलं. बाईसाहेब स्टुलावर बसून चहा पिताहेत. मांजर गॅरेजवाल्याच्या मांडीवर.

१२ मार्च, दुपार
शेवटी स्वतः खाली गेलो. जाब विचारायचाच, असं ठरवून. मला बघताच मांजर उठलं आणि बायकोच्या मागे जाऊन लपलं. जाब राहिला. गॅरेजवाल्याने माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाला, साहेब, ऑइल लागलं वाटतं, आणि फडकं पुढे केलं.
घेतलं. बराच वेळ पुसत बसलो. निघत नाहीत.