नाही म्हणायची सोय नव्हती

कोसमडीह,
अक्तीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या दिवशी, दुपारी

महाप्रसादाला सीताराम,

माझं सगळं बदललं ते गेल्या वर्षी रथयात्रेला, तुझ्या वडिलांनी जगन्नाथाचा वाळलेला भात माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. पुढे धीर राहील न राहील.

आता इकडची खुशाली. तू मांडवाचं कापड आणायला धमतरीला गेलास आणि मी तुझ्याच खोलीत, तुझ्याच खाटेवर बसून हे लिहितोय. हलवायाने बुंदीचा पहिला घाणा जाळला आणि खापर ओल्या लाकडांवर फोडलं. तुझे मोठे मामा ओसरीवर असे घोरताहेत की ढोलवाला दोनदा डोकावून गेला. बायका वाजतगाजत चुलीची माती आणायला तळ्यावर गेल्यात, म्हणून घर जरा शांत आहे. कोठीची किल्ली फूलदाईने, तुझ्या आईने, माझ्याकडे दिली आहे. तुझ्या सख्ख्या चुलतभावाला सोडून मला दिली, म्हणून तो सकाळपासून फुगलाय. चहाला साखर हवी तर म्हणतो, खेमूसाहेबांकडे अर्ज लिहू का.

एकाच घरात वावरणाऱ्या माणसाला पत्र कसलं, असं तू म्हणशील. पण तुझ्यासमोर माझं तोंड उघडत नाही, आणि उघडलं तर भलतंच बाहेर पडतं. तुला माझा राग ठाऊक आहे. तुझ्या पुढच्या दोन दातांमध्ये जी फट आहे ती माझीच. तू हसलास की मी दुसरीकडे बघतो.

त्या दिवशी सायकलच्या दुकानासमोर तू म्हणाला होतास, कॉलेज सोडलेल्याला पोरगी कोण देणार, फार तर म्हैस देतील. सगळे हसले. बोलणारा दुसरा कुणी असता तर मीही हसलो असतो. तू होतास म्हणून हात उठला. तुला वाटलं, कॉलेजचं नाव काढलं ते मला झोंबलं. गावालाही तेच वाटलं. आजपर्यंत मी ते तसंच राहू दिलं.

मग गुडीच्या पारावर पंचांची बैठक बसली, नेमकी रथयात्रेच्या दिवशी. मी तयारीने आलो होतो. मार खायचीही तयारी होती आणि बोलायचीही. आठवडाभर नदीवर जाऊन एकटाच भाषण घोकत होतो. दंड करा, बहिष्कार टाका, पण माझं एक ऐका, अशी सुरुवात होती. तुझे वडील, आपले ददा, चिडले असते तर मी दुप्पट चिडलो असतो. चिडण्यात मी कुणाला हार जात नाही. पण ते उठले, गमछा खांद्यावरून काढला आणि हसले. म्हणाले, "झुंजणारे गोऱ्हे एका जुवाला जुंपले की दोन्ही वळणावर येतात. या दोघांना महाप्रसाद करून टाकू, जन्माचे भाऊ होतील."

पुरीहून आणलेला तो भात त्यांच्या गमछ्याच्या गाठीत आधीच बांधलेला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. नारळ आला, टिळे लागले. तू सुजलेल्या ओठाने हसत हात पुढे केलास. महाप्रसाद, जगन्नाथाच्या भाताला नाही म्हणणारा माणूस आपल्या गावात जन्मलेला नाही. मी काही पहिला नव्हतो होणार. तुझ्या हातचे चार दाणे मी खाल्ले, माझ्या हातचे तू खाल्लेस, आणि माझं अख्खं भाषण त्या चार दाण्यांबरोबर पोटात गेलं. तू मला मिठी मारून खरंच रडलास. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

भाषण काय होतं ते लिहायला हवं. त्याआधी कॉलेजचं सांगतो, म्हणजे दोन्ही एकदमच होईल.

मी बी.ए. इतिहासाच्या पेपरामुळे सोडलं नाही. सकाळच्या बसने मी धमतरीला जायचो, तेव्हा आपल्या गावातून आणखीही एक जण जायची. ती खिडकीशी बसायची, मी दारात लटकायचो. दीड वर्षात आम्ही जे बोललो ते एका पोस्टकार्डावर मावेल. माझ्या हातात एकच वही बघून ती म्हणायची, "कॉलेजवाले, ही तरी कशाला आणता? वारा घ्यायला?" एकदा पावसाने बस नाल्याशी अडकली, तर डब्यातला अर्धा फरा तिने माझ्या हातावर ठेवला आणि वर म्हणाली की उरला तर बकरीला घालणार होते. मग तुमच्या घरी आजी अंथरुणाला खिळली आणि ददांनी केवराला कॉलेजातून काढलं. बस तशीच गच्च भरलेली असायची, पण मला ती रिकामी दिसायला लागली. पंधरवड्याने मीही जायचा थांबलो.

झालं. नाव लिहिलं गेलं.

भाषणात मी तिला मागणार होतो. आपली जात वेगळी, हे मला ठाऊक होतं. इकडे जात वेगळी असली की मितान होऊन मानलेला भाऊ बनणं सोपं आणि जावई होणं अशक्य. पण भांडायची माझी तयारी होती, आणि भांडणात कुठेतरी फट सापडते. मितानकीत फट नाही. महाप्रसादाची बहीण ती आपली बहीण, त्याच्या घरचं सुतक ते आपलं सुतक. तुला काय सांगायचं. तेव्हापासून मी तुझं नावसुद्धा घेत नाही, पत्रातही घेता येत नाही.

त्यानंतर तुमच्या घराने मला जे प्रेम दिलं त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. फूलदाई माझ्यासाठी बासी भात वेगळा झाकून ठेवते, त्यात कांदा नको हे तिने माझ्या आईला विचारून घेतलं. ददा बैल घ्यायला जाताना गाडीत तुला मागे बसवून मला पुढे बसवतात. मला भांडायचं होतं, महाप्रसाद. हात उगारायचा तर समोर उगारलेला हात तरी हवा. इथे प्रत्येक हातात माझ्यासाठी वाढलेलं ताट.

राखीला मी आत्याच्या गावी पळालो होतो. तू मोटरसायकल घेऊन तिथे आलास. "तुझ्याशिवाय ती मला बांधत नाही म्हणते," असं म्हणालास. खरंच तिने म्हटलं होतं की तू बनवलंस, हे मी विचारलं नाही. तिने राखी बांधली तेव्हा मी फक्त तिची बोटं बघत होतो. गाठ घट्ट बसली. पूर्वी ती मला तुम्ही म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "भैया, तोंड उघड, लाडू कोंबते."

आणि आता जे लिहितो ते वाचून तू चिडशील. महिन्याभरापूर्वी, तिची सोयरीक पक्की झाली त्याच आठवड्यात, मी तुमच्या परसात गेलो. ती मुनग्याच्या शेंगा काढत होती. फूलदाईने मला पाटी धरायला पाठवलं होतं. भावाला पाठवायला कोण कचरतं?

मी म्हटलं, "तू मला भैया कसं म्हणू शकतेस?"

"मग काय म्हणू? सगळ्या गावाने जे दिलं तेच म्हणते."

"त्यांना ठाऊक नव्हतं."

ती वर बघतच बोलली. "ददांना सगळं ठाऊक होतं. तू दात पाडलास त्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, पोराची तंगडी मोडू की त्याला मितान करू? मी म्हटलं, मितान करा."

मी विचारलं, का. ती आकडीच्या काठीने शेंग ओढत राहिली. मग म्हणाली, "तंगडी मोडली असती तर तू लंगडत आला असतास. पाटी नीट धर."

तिचं तोंड वर होतं, डोळ्यांवर ऊन. ती हसत होती की काय, ते मला कळलं नाही. महाप्रसाद, तेव्हापासून मी त्या एका वाक्याला चिकटून बसलोय. मला वाचवायला तिने मितान करा म्हटलं, की माझा काटा काढायला? दोन्ही त्यात बसतं. रात्री एक बसतं, सकाळी दुसरं. आणि विचारायचं कुणाला? तिला विचारावं तर भाऊ बहिणीला असलं विचारत नाही. ददांना विचारावं तर ते मला जेवायला बसवतील. तुला विचारावं तर तुला यातलं काहीच माहीत नाही. एवढ्या मोठ्या घरात तुलाच तेवढं कुणी सांगितलेलं नाही.

मी सांगायला बघितलं होतं. धान विकून येताना ट्रॅक्टरवर मी म्हटलं, केवराचं लग्न मला काही सोसायचं नाही. तू ट्रॅक्टर बंद केलास, माझ्या खांद्यावर हात टाकलास आणि म्हणालास, "मला तरी कुठे सोसतंय रे." मग तूच हुंदके द्यायला लागलास. तुझी समजूत मला घालावी लागली. मुलगा चांगला आहे, कुरूद काही लांब नाही, तिजेच्या सणाला माहेरी येईलच की ती, हे सगळं माझ्या तोंडून निघालं. तू डोळे पुसलेस आणि म्हणालास, "तू आहेस म्हणून मला धीर आहे."

तिथेच तू ठरवून टाकलंस की उद्या भांवरीच्या, फेऱ्यांच्या वेळी लाह्या दोघांनी घालायच्या. एक ओंजळ तुझी, एक माझी. मी हो म्हणालो. मी नेहमी हो म्हणतो. ज्या माणसाने सरपंचाच्या पोराला विहिरीत ढकललं होतं, तो माणूस तुमच्या घरात पाऊल टाकलं की हो म्हणतो.

आज सकाळी ददांनी मला बोलावून लाह्यांची टोपली हवाली केली. मऊ पडू देऊ नकोस, म्हणाले. मी निघालो तर त्यांनी मनगट धरलं. त्यांचा हात गरम होता. म्हणाले, "उद्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, बेटा. लाजू नकोस. भावांना येतंच."

त्यापेक्षा तंगडी मोडली असती तर बरं झालं असतं. माझ्याजवळ डोळ्यांतलं पाणी तेवढंच एक उरलं होतं, तेही त्यांनी भावाचं नाव लावून मला परत दिलं. आणि त्यांच्या डोळ्यांत कपट नव्हतं, हे सगळ्यात वाईट. होतं ते प्रेमच होतं. मला धरून ठेवण्याचं आणि मला लांब ठेवण्याचं काम ते एकाच हाताने करतात. मी म्हटलं, हो ददा.

मी पिशवी भरून आणली आहे. दुपारची रायपूरची बस गाठायची, हे पत्र तुझ्या उशीखाली ठेवायचं, असं ठरवून मी कागद घेतला. चार पानं होईपर्यंत तसंच वाटत होतं.

पण गेलो तर काय होईल ते मला दिसतंय. फूलदाई पदर डोळ्यांना लावील आणि पाहुण्यांना सांगेल, बहिणीची पाठवणी बघवली नाही बिचाऱ्याला. तुझे मामा म्हणतील, सख्ख्यापेक्षा सख्खा. मी पळून गेलो तरी भाऊ म्हणूनच पळून जाईन. या गावात मी काहीही केलं तरी त्याचा अर्थ आधीच ठरलेला आहे.

आणि पत्र ठेवलं तर? तू वाचशील. मग मला शोधायला निघणार नाहीस, आधी तिच्याकडे जाशील. रागात आपण दोघे सारखेच. हळद लागलेल्या पोरीला तू दारातून विचारशील, हे खरं का, आणि ओसरीवर कुरूदचे पाहुणे बसलेले असतील. एका वाक्याने तिने माझे पाय वाचवले असतील, किंवा नसतील. पण तिचं उद्याचं माझ्या पत्राने मोडलं तर मला कुठल्याच वाक्याचा आधार उरणार नाही.

म्हणून हे पत्र तुला मिळणार नाही. आता खिशात घालतोय. उद्या मांडवात तू शेजारी उभा राहशील तेव्हा ते तुझ्यापासून वीतभर अंतरावर असेल. तू मला विचारशील, काय रे, तोंड का उतरलंय. मी काहीतरी म्हणेन. तू मान डोलावशील.

वाजंत्री वेशीशी आली. बायकांची गाणी ऐकू येताहेत. फूलदाई अंगणात शिरण्याआधीच ओरडतेय, "खेमू बेटा, लाह्या बाहेर आण, उन्हात पसरू. मेली हवा दमट आहे."

पिशवी तुझ्या खाटेखाली सरकवली. टोपली उचलून बाहेर जातो आणि दार ओढून घेतो. उघडं राहिलं तर पाहुण्यांची पोरं आत शिरतात.

केवराचा भाऊ,
खेमराज