पाच कळ्या महादेवाला

मानपाडा, सोमवार संध्याकाळ

पाच कळ्या होत्या. पाचही गेल्या.

शेजारच्या सुलभाने जिन्यातल्या माझ्या झाडावरून सकाळी खुडल्या आणि देवळात वाहिल्या. वर हसून सांगते, "अहो मावशी, श्रावणी सोमवार! धोतराच ना तो? तुमच्याही नावाने नमस्कार केला."

धोतराच, पण हा लोंबत्या फुलांचा. ह्यांनी फांदी खोचली आणि फूल न बघताच गेले. तीन वर्षं मीच वाढवला. मुळं मावेनात म्हणून रंगाच्या बादलीत लावला. संध्याकाळी वास सुटतो म्हणे. मी कुठे घेतलाय अजून? आणि त्या पाच कळ्या...

"विषारी असतो गं, हात धुतलेस का?" म्हटलं, तर साबणाकडे धावली. बरं झालं.

मग तिलाच कामाला लावलं. दोघींनी बादली ओढत घरात आणली. ऊन येतं ते खिडकीपाशीच, आणि तिथे ह्यांची खुर्ची. ते गेल्यापासून मी ती हलवलेली नाही. सुलभा थबकली. "मावशी, खुर्ची राहू दे का?"

मी खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

"सरकव," म्हटलं. "झाडाला ऊन लागतं."