आईंचा होल्टर

१८ मार्च, मंगळ.
प्ले-ऑफची पहिलीच मॅच हरलो. १-२. सासूबाईंनी घरी आल्या आल्या बाळकृष्ण वाटीत पाण्यात बसवला. आपण सगळी सिरीज जिंकेपर्यंत बाहेर काढायचा नाही म्हणे. नितीनच्या दहावीला बसवला होता, आता आइस हॉकीला! जानेवारीत सोबत म्हणून एकदा नेलं, तर आता स्टँडमध्ये कठड्यापाशी ठरलेली जागा. शेजारचे उवे आपला मफलर टाकून ती राखतात.
परतताना ट्राम स्टॉपच्या पायऱ्यांवर आईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मिनिटभरच. मी फार घाबरले.

१९ मार्च
नितीनला फोनवर अंधारीचं सांगितलं. नोकरीसाठी सोम. ते शुक्र. डार्मश्टाटला असतो, तिथून काळजी करतो. म्हणाला, डॉक्टर गाठ आणि हॉकी बंद. देव मात्र पाण्यातच.

२१ मार्च
बाहेरगावची मॅच जिंकलो, घरी टीव्हीवर पाहिली. सिरीज १-१. नितीन सोफ्यावर होता म्हणून आईंनी गोल झाला तेव्हा नुसता पदर मुठीत धरला. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

२४ मार्च, सोम.
सकाळी डॉक्टरकडे. आईंच्या छातीवर होल्टर, चोवीस तास ठोके मोजणार. सोबत फॉर्म: किती वाजता काय केलं ते लिहायचं.
दुपारी आई तयार होऊन बसल्या. मी नाही म्हटलं, तीनदा. तर म्हणाल्या, "मेघना, दहा एप्रिलला माझं विमान. पुण्यात दार लावून बसायचंच आहे मला."
गेलो. नितीनला कळवलं नाही. तिसऱ्या पिरियडला ३-३, मग ओव्हरटाइम. मी बर्फाकडे बघतच नव्हते, आईंकडेच बघत होते. आई ओरडत होत्या, उवेंच्या तोडीस तोड. ४-३. जिंकलो. मला धड आनंदही होईना.

२५ मार्च
होल्टर परत केला. फॉर्म मीच भरला, आईंना जर्मन कुठे येतं. संध्याकाळच्या रकान्यापाशी थांबले. "लिही, वाचन," आई म्हणाल्या. मी लिहिलं. माझ्या अक्षरात.

२६ मार्च
हरलो. सिरीज २-२. लक्ष नव्हतंच.

२७ मार्च, गुरु.
डॉक्टरीणबाईंचा फोन. सोमवारी रात्री दहाच्या सुमारास दहा मिनिटं ठोके दीडशेच्या वर. शांत बसलेल्या बाईचं असं होत असेल तर ॲडमिट करून बघावं लागेल, मंगळवारी बेड आहे. त्या खरंच वाचत होत्या ना, असं मला विचारलं. माझ्या तोंडून ऑफिसच्या सवयीनं "जा, गेनाऊ", हो, अगदी बरोबर, असं निघून गेलं.
आईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "नितीनला सांगू नकोस. दवाखाना परवडला."
आणि खरंच काही असलं तर? ओरडण्यानं झालं की हृदयानं, हे मी कोण ठरवणार.

२८ मार्च, शुक्र.
आज पाचवी मॅच, घरची, साडेसातला. उवेंचा मेसेज: ओमाची, म्हणजे आजींची, जागा धरलीय.
दुपारी क्लिनिकला फोन केला. डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्यांनी मॅचची वेळ विचारून घेतली. मग म्हणाल्या, सोमवारी आणा, रिपोर्ट पुन्हा बघू, मुलालाही घेऊन या. तोवर उत्तेजना टाळा. मंगळवारचा बेड तूर्त तसाच ठेवलाय.
फॉर्मची माझ्याकडे ठेवलेली कॉपी काढली. 'वाचन' खोडून वर लिहिलं: हॉकी. कागद जेवणाच्या टेबलावर, नितीनच्या खुर्चीसमोर.
आईंना सांगितलं तेव्हा रागावतील असं वाटलं होतं. नाही रागावल्या. आत गेल्या, वाटीतलं पाणी बदललं, देव परत आत ठेवला. आता कशासाठी, ते मी विचारलं नाही.
पावणेसहा. नितीन सहाला येतो. आई टीमचा मफलर गळ्यात घालून कागदाशेजारी येऊन बसल्यात.