पहिली सही माझी

रवि., ६ जुलै

मराठी मंडळाची सभा. दोन सभा पेपर तपासण्यात बुडाल्या होत्या, म्हणून आज गेलेच. राजवाड्यामागचा तोच हॉल, पंखे दोन, त्यातला एक नुसता आवाज करतो. माणसं वीसेक. सेक्रेटरी झाल्यापासून माधवअण्णांना खुर्चीत बसवत नाही, सारखे उभे. म्हणाले, पुण्याच्या एका संस्थेकडून मुलांसाठी पुस्तकं येणार, त्या कागदावर सगळ्यांनी सह्या करा.

कागद देवनागरीत. पहिला माझ्या हातात. वाचला. पुस्तकं येणार, सहा महिन्यांसाठी एक शिक्षिकाही येणार. आणि मग: ‘सध्या बोलीभाषेत चालणारा रविवारचा वर्ग बंद करण्यास मंडळाची संमती असून सध्याच्या शिक्षिकेने निवृत्त होण्याचे मान्य केले आहे.’

सध्याची शिक्षिका म्हणजे सरसूमावशी. आईची चुलतबहीण, वय एकाहत्तर. बावीस वर्षं आमच्या तंजावुरी मराठीत पोरांना गोष्टी, गाणी, पाढे शिकवते. समोरच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली, मान हलवली. म्हटलं, म्हणजे ठरलंय सगळं, मीच मेली मागे राहिले. अण्णा पेन पुढे करून, "सीक्रम, सीक्रम! लवकर! कापी गार होते."

केली सही. कागद पुढे गेला. मावशीनंही केली. कॉफी खरंच गार होती.

सोम., ७ जुलै

बी.ए. दुसरं वर्ष, मानसशास्त्र. कन्फॉर्मिटी. फळ्यावर दोन रेषा, एक उघड उघड आखूड. पाच जणींना आधीच पढवून ठेवलं होतं, आखूड तीच लांब म्हणायचं. सहावी सेल्वी. बिचारी फळ्याकडे बघते, मैत्रिणींकडे बघते, परत फळ्याकडे. शेवटी आखूड तीच लांब म्हणाली. वर्गात हशा. पोर रडकुंडीला आली.

मग ओढणीनं तोंड पुसून मलाच विचारते, "मॅडम, तुम्ही असता तर?"

मी म्हटलं, मी दिसतं ते बोलले असते. काय तोंडानं म्हटलं, देव जाणे.

बुध., ९ जुलै

मावशीचे गुडघे दुखतात. जिना चढताना तीनदा थांबते. मुलांना लिहिता-वाचता यायलाच हवं, नुसतं बोलून किती दिवस टिकणार? पुण्याची बाई व्याकरणासकट शिकवेल. सगळं खरं. आणि सगळं सही केल्यावर सुचलेलं. ह्याला डिसोनन्स म्हणतात, दरवर्षी पाच मार्कांना विचारते मी.

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता, "मावशीनं सही केली ना? मग तुझं काय जातं?"

काय जातं ते कळत नाही म्हणून तर कपाटं आवरत सुटलेय. तीन दिवसांत दोन कपाटं. ह्यांचे मोजे कुठे ठेवले ते आता मलाच सापडत नाहीत.

शनि., १२ जुलै

भाजीबाजारात मावशी. केळफूल निवडत होती, पोराचं डोकं तपासावं तसं प्रत्येक उलटून पालटून. मला बघून खूष. "गौरी, बरं भेटलीस. गोकुळाष्टमीस मुलांकडून पाळणा म्हणवायचा दान. तुजकडे ती मोठी पितळी घंटा आहे नव्हें? ती दे."

गोकुळाष्टमी. ऑगस्टात. तिचा वर्ग तोवर असणारच नाही, आणि ही पाळणा बसवतेय!

"देते," म्हटलं. ‘दान’ ऐकून पुण्यातल्या माझ्या रूममेट्स हसायच्या, कुणाला काय दान करतेस म्हणून. तमिळमधलं नुसतं ‘च’ आहे ते. तिथल्या दोन वर्षांत माझ्या तोंडातून गेलं. मावशीच्या तोंडात अजून आहे. वर्ग बंद होतोय आणि हिला काही माहीतच नाही.

रवि., १३ जुलै

तावातावानं माधवअण्णांकडे. वाटेत स्कूटरवर भांडण पूर्ण पाठ केलं होतं. आतल्या गाठीचा माणूस, म्हातारीला गोड बोलून कापली, वगैरे. आठवडाभर मनात हेच. माणूस वाईट म्हणून वाईट वागला. परिस्थिती काय होती ते बघायचंच नाही. विद्यार्थ्यांनी असं लिहिलं तर मी लाल रेघ मारते.

अण्णा झोपाळ्यावर. ऐकून घेतलं सगळं. मग हळूच, "बंद? कुठे लिहिलंय बंद?"

"तुम्ही वाचलं नाही?"

"मज कुठे वाचतां येतंय गं! मजकूर पुण्याहूनच आला. पुस्तकं म्हणाले फोनवर, बाई येते म्हणाले, बरं म्हटलं. तूं पुण्यास शिकलेली. म्हणून तर पहिला कागद तुज दिला. तूं सही केलीस म्हणून सगळ्यांनी केली."

आमच्यात देवनागरी येतं किती जणांना? प्रत्येकाला वाटतं, शेजारच्याला येतं. आपल्यालाच येत नाही हे कोण सांगणार? आणि मला वाटलं, सगळ्यांनी वाचलंय, सगळ्यांना पटलंय. सोमवारी पाच पोरींना पढवायला लागलं होतं. इथे मी एकटीनं भागवलं.

कागदाचा फोटो सभेच्याच दिवशी पुण्याला गेला. बाईंचं तिकीट झालंय, गुरुवारी २४ला पोचतात. अण्णा म्हणाले, पुढच्या रविवारी सभा घेतो. "पण मावशीस वर्ग बंद नको असेल तर. सही तिची आहे. ती शिकवते, तिनं वाचलं असेल दान."

हो की. ती तरी वाचते. मग पाळणा कसा?

मंगळ., १५ जुलै

कॉलेजातून थेट मावशीकडे. ती खोबरं खवत होती. कागदाचा फोटो फोनवर मोठा करून दिला. तिनं हात पुसले, फोन लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब. म्हणाली, "छान दान लिहिलंय."

मी फोन परत घेतला.

मग एकेक आठवायला लागलं. तिच्या वर्गात फळ्यावर नेहमी कुणीतरी मोठी मुलगी लिहायची. "माझी बोटं दुखतात, तूं लिही." गोष्टी सगळ्या तोंडपाठ. पोथी मांडीवर असायची, पण पान उलटलेलं कधी पाहिलं नाही. बावीस वर्षं! आम्ही सगळे तिच्या हाताखालून गेलो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

वाचून दाखवलं. म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. ‘निवृत्त’ म्हणजे काय विचारलं. सांगितलं. खवणीवरचं खोबरं तसंच.

"तुज वाचतां येत होतं."

"हो."

"मग तूं कां सही केलीस?"

म्हटलं, मला वाटलं तुला माहीत आहे, तू हसलीस, मान हलवलीस.

"तुज बघून हसले गं. मज विचारायला किती वेळ लागला असता?"

आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ताक दिलं, कढीलिंब घालून, रोजच्यासारखं. मी ते प्यायले, निर्लज्जासारखी.

दाराशी हात धरला. "वर्ग गेला तर गेला. मज अक्षर येत नाही हे कोणास कळायला नको. मुलांस तर नकोच. शपथ घे." घेतली.

शुक्र., १८ जुलै

कॉलेजात लक्ष नाही. एकच तास दोनदा शिकवला, वर्ग चुपचाप ऐकत होता. शेवटी सेल्वीनं हात वर केला, "मॅडम, हे काल झालं." तेवढी एक सुधारली.

तास सुटल्यावर स्कूटर काढली आणि तिरुवैयारुपर्यंत गेले. काम काहीच नव्हतं. नदीला पाणी आहे. घाटावर पाच मिनिटं बसले, उठले, परत आले.

ठरवलं. मावशीचं नाव न घेता स्वतःचं सांगायचं. मी वाचलं, मला कळलं, तरी सही केली. संमतीचं पत्र मागे घ्या. एकानं जरी वेगळं म्हटलं तरी बाकीच्यांना धीर येतो, हे मीच शिकवते. बघू.

रवि., २० जुलै

उभी राहिले. ज्यांच्या लग्नांत पंगती वाढल्या त्यांच्यापुढेच. कागदात काय आहे ते सांगितलं. मी वाचून सही केली, चूक माझी, म्हटलं.

मग सगळे एकदम. "आम्ही तुझ्या सहीवर सही केली!" "एवढं शिकून उपयोग काय?" आपणही वाचलं नव्हतं, हे मात्र कुणी म्हणेना. प्रत्येक जण दुसऱ्यांच्या वतीनं रागावलेला. ऐकून घेतलं. बोलले तेही खोटं नव्हतं.

माधवअण्णांनी हात वर करायला सांगितलं, पत्र मागे घ्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी. मी केला. बाकीचे एकमेकांकडे बघत. मागे कुणाचा तरी हात निम्मा वर आला होता, नक्की.

तेवढ्यात अण्णा वळले. "मावशी, तुमचं काय? वर्ग तुमचा. तुम्ही तर वाचून दान सही केली, नव्हें?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे. तिनं पदर खांद्यावर नीट केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"होय," म्हणाली. "वाचून केली. वय जाहलं. पुरे आता."

मागचा हात खाली गेला. आणि मीही घेतला. शपथ होती म्हणून घेतला, असं लिहायला बसले होते. पण हात खाली आला तेव्हा बरं वाटलं, सगळे बघायचे थांबले म्हणून. त्यातलं आधी कुठलं होतं, मला सांगता येत नाही.

मग टाळ्या. मावशीला शाल द्यायचं ठरलं. आणि अण्णांनी विचारलं, गुरुवारी बाईंना घ्यायला स्टेशनवर कोण जाणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्याची मराठी मलाच येते ना.

बुध., २३ जुलै

तीन दिवस मावशीकडे गेले नाही. फोन केला, उचलला नाही. पुण्याला पाठवायला पत्र लिहून ठेवलंय, अर्ध्या पानाचं: वर्ग बंद करू नये, शिक्षिका राजी नाहीत. पाठवलं तर मावशी खोटी पडते. नाही पाठवलं तर उद्या सकाळी मी फलाटावर. दहा वेळा उघडलं, दहा वेळा मिटलं. शपथ मोडू की वर्ग मोडू? मावशीला विचारायला हवं. ह्या वेळी तरी विचारायला हवं, आणि ती फोन उचलत नाही.

दुपारी तिचाच व्हॉट्सअ‍ॅप आला. लिहिता येत नाही म्हणून ती नेहमी बोलूनच पाठवते, आणि इतकी वर्षं मी त्याला आळस समजत होते. दोनदा ऐकला.

"गौरी, उद्या तूंच जा. त्या बाईस सांग, धाकटी रुक्मिणी एका कानानं कमी ऐकते. तिज डावीकडे बसवायचं, पुढे. आणि ती रडली तर रागवूं नको म्हणावं. तिज समजत सगळं असतं, बोलायला वेळ लागतो."

अजून उत्तर पाठवलेलं नाही. गाडी सकाळी सातची.