उत्तरेश्वराचा परस

॥ श्री ॥

उंबरवाडी, धर्मापुरीजवळ
२६ सप्टेंबर १९७२

चि. सरस्वतीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अंबाजोगाईच्या वसतिगृहात तुम्हा मास्तरणी होणाऱ्या पोरींनाही पाणी मोजून मिळतं हे वाचून वाईट वाटलं. इकडे आभाळ रोज धुतल्यासारखं निळं असतं. पोळा झाला, गणपती झाले, पण बांधावरचं गवत काही हिरवं झालं नाही. वाडीतल्या सहा घरांची मिळून अकरा जनावरं उरली आहेत. आपली चांदी गाय सकाळी दावणीतून माझ्याकडे बघते तेव्हा मी नजर चुकवते.

तरी एक गोष्ट चांगली झाली. सोसायटीचे सेक्रेटरी बंकटराव सायकलवर येऊन गेले. ज्यांच्या विहिरीला थोडंबहुत पाणी आहे त्यांना सोसायटी पाळीपाळीने इंजिन देणार आहे, हिरवी वैरण करायला. आपल्या विहिरीच्या तळाला अजून माझ्या छातीएवढं पाणी आहे. मोट ओढायची ताकद बैलांत राहिली नाही, इंजिन मात्र ओढेल. पाईप लागेल तेवढाच कापून येणार, म्हणून विहिरीची खोली त्यांना मीटरात लिहून हवी आहे. मी सांगितलं, सहा परस. सगळ्या शिवाराला ठाऊक आहे. ते हसले आणि म्हणाले, मावशी, परस आता सरकारात चालत नाही.

तुझा शहादेवमामा काल बसून गेला. म्हणतो, अक्का, काऊन जीव जाळतीस, जनावरं इकून टाक आन चल आमच्या टोळीबरुबर, कोयत्याला माणूस कमी हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोळी साखर कारखान्याकडे निघेल. वैरण होणार असेल तर मी राहीन, नाहीतर घराला कुलूप. कुलूप लावलेल्या घरी तू दिवाळीला कशी येशील, एवढंच मनात येतं.

तर सहा परसाचे किती मीटर ते लवकर कळव. माझ्या अक्षराला हसू नकोस. शेंगाच्या चटणीचा डबा मोकळा झाला की परत पाठव, आणि माया आहे तशीच ठेव.

तुझी आई
रुक्मिणी


अंबाजोगाई
२९ सप्टेंबर १९७२

ती. आईस सरूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं अक्षर आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींपेक्षा बरं आहे. चटणी संपली आहे, डबा धुऊन ठेवला आहे.

तुझं गणित मी सोडवलं. आमचे गुरुजी म्हणाले, परस म्हणजे एक पुरुष, सहा फूट धरायचा. सहा सक छत्तीस फूट. एक मीटर म्हणजे तीन फूट आणि वर साधारण सव्वातीन इंच. त्या हिशोबाने आपली विहीर अकरा मीटर भरते. काठावरून वळायला एक मीटर जास्त धर आणि बंकटरावांना बारा सांग. हे गणित मी फळ्यावर सगळ्यांसमोर केलं, आणि आपल्या विहिरीचं म्हणून मला जरा अभिमानही वाटला.

मीटर म्हणजे काय ते तुला कळावं म्हणून सोबत पांढरी नाडी पाठवते. ती बरोबर एक मीटर आहे. दर दहा सेंटिमीटरला लाल दोऱ्याचा टाका घातला आहे. शेवटच्या टाक्यापुढे बारीक काळे टाके आहेत, त्यातला एकेक म्हणजे एक सेंटिमीटर. असे शंभर मिळून एक नाडी. सगळं दहाच्या पाढ्यात चालतं, पावकी-निमकी लागत नाही.

नाडी शिवताना एक स्वप्न आठवलं. मी विहिरीच्या काठाशी उभी आहे आणि आतून कुणीतरी दोन्ही हात वर करून मला काहीतरी देतं आहे. चेहरा दिसत नाही, हातच दिसतात, ओले. ते बाबा असतील का? ते तापाने गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते, मला त्यांचं काहीच आठवत नाही. घरात फोटोही नाही. आई, बाबा किती उंच होते गं? सगळे नुसतं लई उंच म्हणतात. लई म्हणजे किती?

तब्येतीला जप. चांदीच्या कपाळावरून माझा हात फिरव.

तुझीच
सरू


उंबरवाडी
९ ऑक्टोबर १९७२

चि. सरस्वतीस आशीर्वाद.

नाडी मिळाली. मी ती गळ्यात घालूनच हिंडते. चूल माझ्या मापाने एक वीत, तुझ्या मापाने दोन लाल टाके. चांदीचं शिंग तीन लाल आणि चार काळे. ती मान हलवत होती, एखादा काळा इकडेतिकडे झाला असेल. पण एक विचारते. वीत माझी, हात शेजारच्या आश्रुबाचा, हा मीटर कुणाच्या अंगाचा? कुणाचाच नसलेलं माप जरा परक्यासारखं वाटतं.

आता वाईट बातमी सांगते. शनिवारी इंजिन आलं. सहा घरांनी मिळून ते दोरांनी विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं. काठापासून खाली पाईप सोडला, आणि त्याचं तोंड पाण्याच्या वरच राहिलं. पावणेचार हात वर. खाली पाणी दिसत होतं, त्यात आभाळाचा गोल तुकडा दिसत होता, आणि पाईप त्याला टोचायला निघाल्यासारखा मधेच थांबला होता. मग आश्रुबाची सून म्हणाली, मास्तरीणबाईच्या शाळंतली हीर उथळ दिसती. सगळे हसले, मीही हसले, पण घरी येऊन बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले.

बंकटराव म्हणाले की दसऱ्यापर्यंत इंजिन इथे राहील, मग घाटनांदूरकडच्या पाळीला जाईल. अंबाजोगाईच्या गोदामात एखादा तुकडा निघेल, पण एकदाच. आता नेमकं माप द्या, परत चूक नको. शहादेव म्हणतो, अक्का, देवानंच उत्तर दिलं, बोचकं बांध. मी एक लुगडं घडी करून ठेवलं आहे. एकच.

तुझ्यावर मी रागावले नाही. पण चूक कुठे झाली ते बघ. जिवाला लावून घेऊ नकोस आणि वेळेवर जेव.

तुझी आई


अंबाजोगाई
११ ऑक्टोबर १९७२

ती. आईस सरूचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी गणित तीनदा तपासलं. छत्तीस फुटांचे अकरा मीटरच होतात, त्यात चूक नाही. म्हणजे चूक त्याच्या आधीच झाली आहे. परस सहा फुटांचा, हेच मी न विचारता धरून चालले. विहीर मोजायला दगड बांधून दोर सोडावा, हे तुम्हा कुणाला सुचलं नाही, कारण सगळ्यांना सहा परस पाठ. आणि मला सुचलं नाही, कारण मला पाढे पाठ. बारा मीटर सांग असं मी किती सहज लिहिलं! त्या एका ओळीने माझी आई कोयता घेऊन परमुलखात जाणार आहे.

आता असं कर. दोराला दगड बांध, तळाला टेकेपर्यंत सोड, काठापाशी खूण कर. मग दोर अंगणात ताणून नाडीने मोज. किती नाड्या, किती लाल, किती काळे, तेवढंच लिही. परस लिहू नकोस. पत्र टपालात टाकू नकोस, बंकटरावांच्या हाती दे, म्हणजे गोदामात मीच त्यांच्याबरोबर जाईन.

मीटर कुणाच्याच अंगाचा नाही, हे खरं. म्हणून तर तो तुझ्याकडे आणि माझ्याकडे सारखाच असतो.

दुसरं लुगडं बांधू नकोस एवढीच विनवणी.

तुझी चुकलेली
सरू


उंबरवाडी
१३ ऑक्टोबर १९७२

चि. सरस्वतीस आशीर्वाद.

आधी माप लिहिते. तेरा नाड्या आणि सात लाल टाके. दोनदा मोजलं. एका टोकाला मी होते, दुसऱ्या टोकाला आश्रुबा, आणि मधे चांदी दोरावर पाय देऊन उभी राहिली होती, तिला हाकललं. पाणी एकच नाडी खोल आहे. पाईपचं तोंड गाळात जाऊ नये, तळापासून दोन लाल वर राहावं, असं बंकटराव म्हणतात. बाकीचं तू बघ.

आता चूक कुठे होती ते ऐक. दोर गुंडाळताना आश्रुबा एकदम खाली बसला. म्हणाला, रुक्मिणबाई, आपुन येडे. ही हीर कुठल्या परसानं मोजलीय? उत्तरेश्वराच्या. म्हणजे तुझ्या बाबांच्या. तुझ्या जन्माच्या साली ही विहीर खोदली. गावातलं सगळ्यांत उंच माणूस म्हणून दर वेळी तुझे बाबाच आत उतरायचे. खड्ड्यात सरळ उभे राहायचे, दोन्ही हात वर करायचे, आणि आश्रुबा त्यांच्या बोटांच्या टोकाला कातळावर चुन्याची रेघ मारायचा. तो एक परस. मग त्यांच्या पायाखाली पुन्हा तेवढंच खोदायचं, पुन्हा ते उभे राहायचे. सहा वेळा. सहाव्या वेळी त्यांच्या घोट्याला पाणी लागलं, आणि त्यांनी हात खाली घेतलेच नाहीत, तसेच हसत राहिले, असं आश्रुबा सांगतो. मी तेव्हा तुला मांडीवर घेऊन वर काठाशी बसले होते. मला वरून त्यांचे हातच दिसत होते, ओले.

तुझ्या स्वप्नाचं मी आणखी काय सांगू.

बंकटराव सायकलला टेकून उभे आहेत, म्हणून थांबते.

आई


अंबाजोगाई
१४ ऑक्टोबर १९७२

ती. आईस,

बंकटराव परत निघाले आहेत, गोदामाच्या पायरीवर बसून लिहिते. तेरा नाड्या सात लाल म्हणजे तेरा मीटर सत्तर सेंटिमीटर. त्यातून तळाचे वीस गेले, साडेतेरा. आधीचा पाईप आत अकरा मीटर आहे. अडीच मीटर हवा. गोदामवाल्याकडे पावणेतीनचा एकच तुकडा होता. त्याने कापला, मी वहीची फूटपट्टी लावून दोनदा मोजला. तो म्हणाला, बाई, सोनं हाय का लोखंड? मी म्हटलं, लोखंडच आहे, नीट कापा.

आणि आई, मी आणखी एक गणित केलं. तेराशे सत्तर सेंटिमीटरला सहाने भागलं. दोनशे अठ्ठावीस आले, वर थोडं उरतं. दोन मीटर अठ्ठावीस. वसतिगृहाच्या भिंतीवर खडूने तेवढ्या उंचीला रेघ काढली आणि तिच्याखाली हात वर करून उभी राहिले. माझी बोटं कितीतरी खाली राहिली. मी तशीच उभी होते, हात दुखेपर्यंत. वर कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं.

हे खरं असेल का? तुला पडताळून बघता येईल का?

सरू


उंबरवाडी
२० ऑक्टोबर १९७२

चि. सरूस आईचे उदंड आशीर्वाद.

तुकडा बसला. रविवारी सकाळी इंजिन सुरू झालं. आधी नुसता धूर, मग पाईपाने उचकी दिली, मग गढूळ पाणी आणि थोड्या वेळाने निवळ. आश्रुबाच्या सुनेने पहिली ओंजळ घेतली आणि मोठ्याने म्हणाली, मास्तरीणबाईला सांगा, आता पास. वैरणीचे तिन्ही वाफे दसऱ्याआधी भिजले. सोसायटीने इंजिन आणखी आठ दिवस ठेवलं आहे.

टोळी बुधवारी गेली. शहादेवने गाडी दाराशी उभी केली होती. मी भाकरी बांधून दिल्या, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. तो म्हणाला, अक्का, तू लई हट्टी. मग घडी केलेलं लुगडं उलगडून नेसले.

आता तुझं पडताळणं. माजघरातल्या मोठ्या खांबाला वर एक खुंटी आहे ना, जिच्यावर पेरणीचं, बी सोडायचं चाडं टांगलेलं आहे? ती तुझ्या बाबांनी ठोकली. मी विचारलं होतं, एवढ्या वर काऊन? ते म्हणाले, मी हात वर केला की मिळालं पाहिजे, वाकायला लागू नये. ते गेल्यावर त्या चाड्याला कुणाचा हात पुरला नाही, आणि शिडी लावून ते काढावं असं मला कधी वाटलं नाही. पेरणीला आश्रुबाचं मागून आणायचे. तुला वाटायचं आपलं चाडं फुटकं आहे.

काल दुपारी मी उखळ पालथं घालून त्यावर चढले. जमिनीपासून नाडी लावली. एक नाडी. दुसरी नाडी. मग दोन लाल टाके. मग काळे मोजत गेले, आणि आठव्यावर बोट खुंटीला लागलं.

मी तिथेच उखळावर उभी राहिले. तू विचारलं होतंस, लई म्हणजे किती. तर एवढे होते तुझे बाबा, हात वर केल्यावर.

चाडं खाली घेतलं. आत कोळ्याचं जाळं होतं आणि तळाशी ज्वारीचे सात-आठ दाणे. ते वेगळे ठेवले नाहीत, बंकटरावांनी दिलेल्या बियाण्यातच मिसळले. आज सकाळी त्याच चाड्यातून वैरणीची ज्वारी पेरली.

खुंटी मोकळी दिसू लागली, म्हणून तिच्यावर तुझी नाडी टांगली आहे. दिवाळीला आलीस की काढून घे. हात पुरला नाही तर उखळ तिथेच आहे.

डबा विसरू नकोस. वाट बघणारी,

तुझी आई
रुक्मिणी