पडद्याआडची दहा मिनिटं

सोमवार, ३ फेब्रुवारी

रुजू झाले! चिपळूणहून आणलेली ट्रंक होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर चढवताना जीव गेला, पण खोली झकास आहे. समोरच्या चाळीच्या गॅलरीत एक आजोबा गजाला आरसा टांगून दाढी करत होते. मला बघून त्यांनी साबणाचा ब्रश हलवला. परळमधला माझा पहिला ओळखीचा माणूस.

इमर्जन्सी मेडिसिनच्या या सीटसाठी दोन वर्षं घासली. विभागात बारा खाटा. त्यातल्या चार रेड झोनमध्ये, म्हणजे ज्यांच्यासाठी मिनिटं मोजायची त्यांच्यासाठी. आईला फोनवर हे रंगवून सांगायला लागले, तर म्हणाली, जेवायच्या वेळी नको गं.

आम्हाला शिकवणारे डॉ. सौमित्र चाळिशीचे आहेत. आवाज कधी चढत नाही. पेपर नॅपकिनवर घशाचं चित्र काढून समजावतात, आणि ते इतकं सुरेख असतं की मी एक नॅपकिन घडी घालून वहीत ठेवला. इनचार्ज संघमित्रा सिस्टर बावीस वर्षं इथेच आहेत. त्यांनी नावगाव विचारायच्या आधी जेवलीस का विचारलं आणि अर्धी भाकरी पुढे केली. मी खूश आहे. खरंच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

श्वासनलिकेत नळी घालणं, हे आमच्या कामातलं पहिलं आणि सगळ्यात अवघड हत्यार. डाव्या हातात दिवा लावलेलं स्टीलचं पातं धरायचं, जीभ बाजूला सारून वर उचलायची, खोल आत स्वरतंतूंच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की त्यांच्यामधून नळी सरकवायची. सराव-खोलीतल्या रबरी पुतळ्यावर मला बारा सेकंदांत जमतं.

आज जिवंत माणसावर पहिल्यांदा केलं. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा पातं आत घालते तोच बाईंच्या पोटातलं सगळं वर आलं, माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत. आंबलेला भात आणि बांगड्याचा रस्सा. कोमट. सौमित्र सरांनी मला शांतपणे बाजूला केलं आणि वीस सेकंदांत नळी घातली. बाई वाचल्या.

सर नंतर म्हणाले की रबराचा घसा काही शिकवत नाही, उद्यापरवा खरं शिकवतो. तीनदा आंघोळ केली. नखांना अजून माशाचा वास आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सर काय म्हणत होते ते आज कळलं.

सकाळी फूटपाथवरून आणलेले एक म्हातारे. नाव नाही, सोबत कोणी नाही. पाऊण तास छाती दाबली, अकरा दहाला सरांनी मृत घोषित केलं. मग त्यांनी पडदा ओढला, तोंडातली नळी काढून टाकली आणि आम्हा तिघांना, म्हणजे माझ्याच बॅचच्या राहुल-वैभवला आणि मला, रांगेत उभं केलं. शरीर गरम आहे, जबडा सैल आहे, दहा मिनिटं मिळतील, असं म्हणाले. नातेवाइकांना विचारायचं नसतं का, हे मी विचारलं. विचारायला अर्धा तास जातो आणि तोवर जबडा आवळायला लागतो, असं उत्तर मिळालं. शिवाय इथे विचारणार कोणाला?

तोंडात तंबाखूचा काळा लगदा होता, हिरड्यांना चिकटलेला. राहुलची नळी अन्ननलिकेत गेली. त्याने हवा भरली तसं मेलेलं पोट फुगलं, आणि दाबल्यावर तोंडातून लांबलचक ढेकर आला, गटारासारखा. कोणीतरी हसलं. मीच असेन. मग माझी पाळी. पांढऱ्या पट्ट्या स्वच्छ दिसल्या, नळी पहिल्या झटक्यात आत. सरांनी मान हलवली.

संघमित्रा सिस्टर तेवढा वेळ पडद्याबाहेर, भिंतीकडे तोंड करून कागद भरत होत्या. आम्ही बाहेर पडलो तशा आत गेल्या आणि एकटीने त्या म्हाताऱ्यांचं तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाटलं होतं, जेवण जाणार नाही. दोन वडापाव खाल्ले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पडद्याआड आतापर्यंत पाच जण. कालच्या आजींच्या ओठाचा कोपरा फाटला. माझ्याच हातून. रक्त आलं नाही, नुसती चीर पडली, कणकेला पडते तशी. बाहेर त्यांच्या सुना रडत होत्या, आणि मी घड्याळ बघत होते.

पण आज वडाळ्याचा एक टॅक्सीवाला आला, ओठ निळे पडलेले. मी एका दमात नळी घातली आणि तो वाचला. पाच मेलेल्या तोंडांमुळे वाचला, हे खरंच आहे. म्हणून तर आणखी किळस येते. हे चुकीचं आहे असंही धड म्हणता येत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सगळं नीट लिहिते.

सकाळी साडेआठला लालबागचे गुणाजी आले. वय एकाहत्तर, मोरीत कोसळलेले. मुलगा दुबईत, सोबत फक्त बायको, कमळाबाई. आम्ही आळीपाळीने छाती दाबली. हृदय काही परत आलं नाही. नऊ बावीसला सरांनी घोषित केलं आणि मला बाहेर सांगायला पाठवलं.

कमळाबाई रडल्या नाहीत. रुमालात गुंडाळलेली कवळी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "डॉक्टर बाय, तेंका दात घालून देशात? दातांशिवाय ते कोणासमोर येनत नाय." मी हो म्हटलं. कवळी एप्रनच्या खिशात टाकली आणि पडद्याआड रांगेत जाऊन उभी राहिले.

मॉनिटर बंद केलेला होता. नळी काढलेली होती. वैभवने घातली, काढली. राहुलने घातली, काढली. मग मी. पातं जिभेवर टेकवलं आणि जीभ वर आली. पात्याला तिने उलटं ढकललं, लहान मूल चमच्याला ढकलतं तसं. मी सरांना सांगितलं. गरम स्नायू असे हलतात, असं म्हणाले. मी आणखी जोर लावला. हो, जोर लावला. नळी आत गेली.

नळीच्या आतल्या बाजूला वाफ धरली. गेली. पुन्हा धरली. नळीला जोडून हवा भरायची पिशवी कोणाच्याच हातात नव्हती.

मी सिस्टरना हाक मारली बहुतेक, कारण त्या आत आल्या, मानेवर दोन बोटं ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "नाडी लागतेय." घड्याळात नऊ एकतीस झाले होते.

प्रयत्न थांबवल्यावर हृदय आपोआप सुरू झाल्याच्या नोंदी पुस्तकात आहेत. म्हणून तर घोषित केल्यावर दहा मिनिटं मॉनिटर चालू ठेवून नुसतं बघत राहायचं असतं. आम्ही त्या दहा मिनिटांत शिकवणीचा तास घेत होतो.

सरांनी केसपेपरवर लिहिलं, निरीक्षणादरम्यान नाडी आढळली, तात्काळ नळी घातली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपण त्यांना परत आणलं, नूपुर. बाकीचं कोणाला कशाला हवंय?"

कमळाबाई माझ्या पाया पडल्या. पाया पडल्या!

शनिवार, २२ फेब्रुवारी

सरांनी सभागृहात ही केस मांडली. टाळ्या पडल्या. पडद्यावर माझं नाव होतं. संघमित्रा सिस्टर मधेच उठून गेल्या. मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हणाल्या, बावीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, तू तरी राहू नकोस.

दुपारी गुणाजींची नळी काढली. ती माझ्याच हाताने काढली. टोकाला दोरीसारखा पिवळा कफ, त्यात रक्ताची काळी साय. ते शुद्धीवर आहेत. अतिदक्षता विभागात सगळे म्हणतात, चमत्कार.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. घसा सोललेला, आवाज नुसता वारा. तोंडाला कालच्या कफाचा वास.

म्हणाले, "माका सगळा कळत होता. पयलो चेडो, मगे दुसरो चेडो. तू तिसरी गो."

मी माफी मागायला लागले. त्यांनी मान हलवली. रागावलेले नव्हते. उलट मलाच काहीतरी समजावून सांगायची घाई असल्यासारखं बोलत होते. आपण पडलो होतो तिथे आणखीही माणसं होती, असं सांगितलं. एक फूटपाथवरचा म्हातारा. एक बाई, ओठ फाटलेली.

"थंय सगळे आ करून पडले आसत. तोंड मिटूक येणा नाय तेंका. तुझो हात वळखतत."

फाटलेल्या ओठाबद्दल त्यांना कोणी सांगितलं असणार? कोणी नाही. आम्ही चौघं आणि सिस्टर सोडून कोणाला माहीतच नाही.

संध्याकाळपासून जिभेवर काहीतरी आहे. थंड. स्टीलच्या चवीचं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गुणाजी गेले. अकरा पाचला. या वेळी खरंच गेले, दहा मिनिटं मी स्वतः मॉनिटर बघत उभी होते.

मग सर आले, सोबत शिकायला आलेल्या नवीन दोघी जणी. पडद्याला हात घातला. मी म्हटलं, नको, बायकोला आधी विचारा. सर हसले. वाईट नाही, प्रेमाने हसले. "आता तुला येतं, म्हणून तुला नकोय."

पडदा ओढला.

मी बाहेर आले. कमळाबाई बाकावर बसल्या होत्या. आज सांगायचंच ठरवलं होतं, सगळं, पहिल्यापासून. तोंड उघडलं आणि जीभ खाली दाबली गेली. मग उजवीकडून सारली गेली. पात्यानं. मला माहीत आहे कसं सारतात. जबडा वर उचलला गेला, टाळूपर्यंत थंड, आणि घशातून नुसता गुळगुळ आवाज.

त्यांना वाटलं मी रडतेय. पाठीवरून हात फिरवत बसल्या. आत त्यांच्या नवऱ्याच्या तोंडात—

मंगळवार, २५ फेब्रुवारी

कामावर गेले नाही. पाणी गिळता येत नाही. आरशात घसा पाहिला, मागची भिंत सोललेली. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात चीर. रक्त नाही.

आईचा फोन आला. हॅलो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटेना. वीस मिनिटं उघडंच. लाळ उशीवर, मग जमिनीवर. तंबाखूचा वास लाळेला. मी तंबाखू कधी—

एकाने घातली, काढली. थोडा वेळ गेला. दुसऱ्याने.

ते आळीपाळीने येतात.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सिस्टर आल्या होत्या. माझं तोंड कापसाने पुसलं, मेलेल्यांचं पुसतात तसंच. बोलू नकोस, लिहून दे, म्हणाल्या. मी नेऊन देते कमळाबाईंना. आता बाहेर थांबल्यात, दाराकडे तोंड करून.

लिहिताना पण दाबतात. जोरात. पोट फुगतंय, हवा भरताहेत, चुकीच्या नळीत. शिकतोय कोणीतरी.

लवकर लिहायला हवं.

कमळाबाई, मी डॉक्टर नूपुर. तुमच्या यजमानांना नऊ बावीसला मृत ठरवल्यावर तुम्ही बाहेर बसला होता तेव्हा पडद्याआड आम्ही तिघांनी त्यांच्या तोंडात पाळीपाळीने, आणि ते जिवंत होते, त्यांची जीभ मला ढकलत होती, मला कळलं होतं, मला कळलं होतं तरी मी